चिनी पद्धतीने नाडी कशी पाहावी : सोलापुरातील नवशिक्यांसाठी

चिनी वैद्यकात रोग्याची तपासणी चार अंगांनी होते : पाहणे, ऐकणे व हुंगणे, विचारणे आणि स्पर्शाने तपासणे. नाडी चौथ्या अंगात मोडते आणि तिला शेवटी ठेवण्यामागे विचार आहे. रोग्याचा चेहरा, जीभ, आवाज, भूक, झोप, शौच यांची माहिती हाती आल्यानंतर नाडी त्या माहितीला दुजोरा देते किंवा तिच्यातील विसंगती दाखवते. असे असूनही शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या बोटाखाली कोणता अवयव?’ हाच असतो. या लेखात तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. बोटांना खोली, वेग आणि आकार कळू लागण्यापूर्वी अवयवांचा तक्ता पाठ केला, तर बोटे तक्त्यात लिहिलेले तेच सांगू लागतात.

सोलापूरकराला चीनचे नाव काढताच डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली येथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते, त्यामुळे नाडीपरीक्षेशी त्यांचे नाव जोडणे उचित नाही. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी मात्र पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. आज अ‍ॅक्युपंक्चर शिकणाऱ्याला चिनी नाडीची ओळख होते ती याच वाटेने.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आयुर्वेदातील नाडीपरीक्षा घराघरांत ऐकून माहीत असते. तिच्यात तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त आणि अनामिकेखाली कफ पाहतात, आणि पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याची परंपरा आहे. चिनी पद्धतीत दोन्ही हात पाहिले जातात, स्त्री असो वा पुरुष, आणि बोटांखालील जागांचा अर्थही निराळा असतो. दोन्ही शास्त्रे शिकण्यास हरकत नाही, पण एकाच तपासणीत दोन्हींची भाषा मिसळू नये. तसे केल्यास टिपण कोणत्याच वैद्याला उपयोगी पडत नाही.

वेळ आणि पूर्वतयारी

‘ह्वांगती नेइचिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या ‘सू-वेन’ भागात नाडी पहाटे पाहावी असे सांगितले आहे. त्या वेळी माणसाने अजून काही खाल्लेले-प्यायलेले नसते आणि शरीराची हालचालही सुरू झालेली नसते, असे त्याचे कारण दिले आहे. आज पहाटे रोगी येणे कठीण आहे, पण सूचनेमागचा हेतू पाळता येतो. जेवण, चहा, विडी, तंबाखू, जिने चढणे, भांडण, या सर्वांनी नाडी बदलते. म्हणून यांतील काही घडले असल्यास किमान अर्धा तास थांबावे.

सोलापुरात या नियमाला उन्हाळ्याची पुरवणी जोडावी लागते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या आसपास असताना होटगी रस्त्यावरून दुपारी दुचाकीवर आलेल्या माणसाची नाडी रुंद, वेगवान आणि अगदी वरच्या थरात लागते, कारण उष्णतेने त्वचेकडील रक्तवाहिन्या फुगतात व हृदय जलद चालते. पुस्तकात ‘बाहेरून शिरलेल्या उष्णतेची नाडी’ म्हणून असेच वर्णन असते, पण येथे ती रोगाची खूण नसून रस्त्याची असते. अशा माणसाला पाणी द्यावे, पंख्याखाली वीस मिनिटे बसू द्यावे, मगच मनगट हाती घ्यावे. यंत्रमागावरची पाळी संपवून थेट आलेल्या कामगाराच्या बाबतीतही असेच करावे. त्याच्या अग्रबाहूचे स्नायू अजून आवळलेले असतात आणि मनगटाजवळचे स्नायुबंध ताठ असल्यामुळे नाडीही ताठ असल्याचा भास होतो.

रोग्याला समोर बसवावे. हात हृदयाच्या पातळीवर, तळवा वर करून, सैल ठेवलेला असावा. मनगटाखाली चिनी वैद्य लहान उशी ठेवतात. सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी तिचे काम चोख करते. घड्याळ, मनगटाला बांधलेला दोरा, घट्ट बाही काढून किंवा सैल करून घ्यावी. सवाष्ण बाईला बांगड्या उतरवायला सांगणे तिला रुचत नाही आणि त्याची गरजही नसते. बांगड्या सैल असतील तर कोपराकडे सरकवल्या की पुरते, मात्र वर सरकवताना त्या हातात रुतून बसणार नाहीत याकडे लक्ष द्यावे, कारण रुतलेली बांगडी रक्तप्रवाह अडवते. पाय एकमेकांवर टाकलेले नसावेत आणि तपासणी चालू असताना बोलणे बंद असावे. सोबत आलेल्या नातलगांनाही ही विनंती आधीच करून ठेवावी.

बोटे कोठे ठेवावीत

रोग्याचा डावा हात आपल्या उजव्या हाताने आणि उजवा हात आपल्या डाव्या हाताने पाहावा. मनगटाच्या सुरकुतीपासून अंगठ्याच्या बाजूने किंचित कोपराकडे सरकले की हाडाचा एक गोलसर उंचवटा लागतो. हा बहिःप्रकोष्ठास्थीचा, म्हणजे अग्रबाहूतील अंगठ्याकडच्या हाडाचा, टोकाकडील उंचवटा होय. त्याच्या आतल्या बाजूला, उंचवटा आणि स्नायुबंध यांच्यामधील खोलगट जागी, सर्वांत आधी मधले बोट ठेवावे. ही ‘ग्वान’ नावाची जागा. मग तर्जनी मनगटाच्या सुरकुतीकडे टेकवावी, ती ‘त्सुन’. अनामिका कोपराकडे टेकवावी, ती ‘छी’. मधले बोट आधी ठेवण्याचा नियम ज्याने मोडला त्याची तिन्ही बोटे सरकलेली असतात, आणि पुढची सगळी तपासणी चुकीच्या जागांवर होते.

रोगी उंच असेल तर बोटांत थोडे अंतर ठेवावे. ठेंगणा असेल तर बोटे जवळ घ्यावीत. लहान मुलाच्या मनगटावर तीन बोटे मावत नाहीत, तेथे एकाच बोटाने तिन्ही जागा पाहतात. नखे कापलेली असावीत. बोटाचे टोक टेकवू नये आणि सगळा गरही टेकवू नये. टोक आणि गर यांच्या सीमेवरचा जो भाग आहे तोच सर्वांत संवेदनशील असतो. मधले बोट इतर दोघांपेक्षा लांब असल्यामुळे त्याला अधिक वाकवावे लागते, तेव्हा तिन्ही टोके एका रेषेत येतात. अंगठा मनगटाच्या मागे आधाराला ठेवावा. नाडीवर अंगठा कधीच टेकवू नये, कारण त्याची स्वतःची धडधड रोग्याची म्हणून मोजली जाण्याची शक्यता असते.

क्वचित एखाद्याच्या या जागेवर काहीच लागत नाही आणि नाडी मनगटाच्या पाठीमागच्या बाजूला सापडते. रक्तवाहिनीची ही जन्मजात वेगळी वाट आहे, रोग नव्हे. चिनी वैद्यांनी तिला वेगळे नावही देऊन ठेवले आहे. तशी नोंद करून दुसरा हात पाहावा.

दाब : जिथे खरे शिक्षण होते

माझ्या मते या विद्येतला सर्वांत मोठा वाटा दाबाचा आहे आणि शिकणारे सर्वांत कमी वेळ देतात तोही दाबालाच. एकाच जागी तीन खोल्या पाहायच्या असतात : वरवरची, मधली आणि खोल. तीन जागा आणि तीन खोल्या मिळून नऊ ठिकाणे होतात, आणि ‘नान-चिंग’ या ग्रंथाने नाडीपरीक्षेची चौकट त्यांवरच उभी केली आहे. त्याच ग्रंथात दाबाचे माप दाण्यांच्या वजनात सांगितले आहे. तीन दाण्यांइतक्या भाराने त्वचेच्या पातळीवर फुप्फुस, सहा दाण्यांनी रक्तवाहिनीच्या पातळीवर हृदय, नऊ दाण्यांनी मांसाच्या पातळीवर प्लीहा, बारा दाण्यांनी स्नायुबंधाच्या पातळीवर यकृत आणि हाडापर्यंत दाबल्यावर मूत्रपिंड. हे दाणे सोयाबीनच्या जातीचे मानले जातात. प्रत्यक्षात तीन सोयाबीनचे वजन अगदीच किरकोळ असते, त्यामुळे हे आकडे वजन म्हणून न घेता प्रमाण म्हणून घ्यावेत. पहिला स्पर्श जवळजवळ नसल्यासारखा, आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीइतकीच मोजून वाढवलेली.

सरावासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल काटा घ्यावा. त्यावर एकेक बोट टेकवून ठरावीक आकडा स्थिर ठेवता येतो का ते पाहावे. बहुतेकांची तर्जनी जास्त दाबते आणि अनामिका निसटते. अनामिका ज्या जागेवर बसते तेथील नाडी मुळातच खोल असते, म्हणून या दुबळ्या बोटाकडून ‘छी जागेवर नाडी क्षीण’ असा निर्णय फार वेळा चुकून दिला जातो. काट्यावर तिन्ही बोटांचा दाब सारखा येऊ लागेपर्यंत छी जागेबद्दल काहीही लिहू नये.

प्रत्यक्ष मनगटावर तीन हालचाली कराव्यात. बोटे हलकी उचलून वरचा थर पाहणे, दाबून खालचा थर पाहणे आणि या दोन्हींच्या मध्ये बोटे किंचित डावी-उजवीकडे हलवून नाडी कोठे सर्वांत स्पष्ट लागते ते शोधणे. आधी तिन्ही बोटांनी एकत्र, नंतर एकेका बोटाने स्वतंत्र. एकेक बोट पाहताना इतर बोटे पूर्ण उचलू नयेत, नाहीतर हाताची बैठक हलते.

वेग : घड्याळाशिवाय

जुन्या पद्धतीत वैद्य स्वतःच्या श्वासाने रोग्याची नाडी मोजतो. वैद्याच्या एका पूर्ण श्वासात, म्हणजे एकदा आत आणि एकदा बाहेर, चार ठोके पडले, मधूनच पाच पडले, तर नाडी स्वाभाविक. तीन किंवा कमी पडले तर मंद. सहा पडले तर द्रुत. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सोळा ते अठरा श्वास घेतो असे धरले तर चार ठोक्यांचा हिशेब ६४ ते ७२ येतो, म्हणजे आधुनिक मापाशी तो चांगला जुळतो. अर्थात वैद्यच धापा टाकत असेल तर हे माप बिघडते, म्हणून रोग्याबरोबर वैद्यानेही आधी शांत बसावे ही अट त्यात आलीच. नवशिक्याने श्वासाने मोजावे आणि लगेच घड्याळाने पूर्ण मिनिट मोजून पडताळावे. दोन्ही आकडे लिहावेत.

एका हातावर किमान पन्नास ठोके पाहावेत असा जुना दंडक आहे. साधारण पाऊण मिनिट ते एक मिनिट. मनगटाला हात लावून दहा सेकंदांत निदान सांगणाऱ्याकडे रोगी आश्चर्याने पाहतात, पण तेवढ्या वेळात मधेच चुकणारा ठोका सापडत नाही.

आकार ओळखणे

तिसऱ्या शतकात वांग शू-ह यांनी नाडीवरच्या आपल्या ग्रंथात चोवीस प्रकार नोंदवले. ली शिचेन यांनी १५६४ मध्ये सत्तावीस सांगितले आणि पुढे ही संख्या अठ्ठावीस झाली. सुरुवातीला यांतील सगळ्यांच्या मागे लागू नये. आधी चार जोड्या पक्क्या कराव्यात : वरवरची आणि खोल, मंद आणि द्रुत, रिकामी आणि भरलेली, निसरडी आणि खरखरीत. पहिल्या दोन जोड्या खोली व वेगाने आपोआप कळतात. तिसरी दाबाने कळते : दाबल्यावर जी विरून जाते ती रिकामी, आणि तिन्ही जागी, तिन्ही खोल्यांत जी बोटाला जोराने परत ढकलते ती भरलेली.

चौथी जोडी वेळ घेते. निसरडी नाडी बोटाखालून गोल, गुळगुळीत आणि अडथळ्याविना पुढे सरकते. जुन्या चिनी वर्णनात तिला थाळीत घरंगळणारे मोती म्हटले आहे. खरखरीत नाडी याच्या उलट, अडखळत, बारीक आणि असमान येते. तिचे वर्णन सुरीने बांबू खरवडल्यासारखे केले आहे. निसरडी नाडी कफाची किंवा अन्न साचल्याची मानतात, खरखरीत रक्ताच्या कमतरतेची किंवा साकळण्याची. मात्र धडधाकट तरुणाची, विशेषतः जेवणानंतरची नाडीही निसरडी लागते, त्यामुळे एवढ्यावरून रोग ठरवू नये.

यांच्या जोडीला ‘तारेसारखी ताठ’ नाडी अवश्य शिकावी, कारण ती आपल्याकडे वारंवार भेटते. बोटाला ती लांब, सरळ आणि ताणलेली लागते; दाबली तरी बाजूला सरकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या विद्यार्थ्याला मी मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यावर बोट टेकवून पाहायला सांगतो; धागा दबतो, पण वाकडा होत नाही, आणि बोट काढताच जागेवर येतो. चिनी वैद्यक ही नाडी यकृताशी, वेदनेशी आणि मनाच्या ताणाशी जोडते. साठीच्या पुढच्या माणसात ती लागली तर आणखी एक साधे कारण असते : वयाबरोबर व उच्च रक्तदाबामुळे रक्तवाहिनीची भिंतच ताठ होते. अशा रोग्याचा रक्तदाब मोजल्याशिवाय यकृताची चर्चा सुरू करू नये.

जागा आणि अवयव

आता मागे ठेवलेला प्रश्न. प्रचलित मांडणीत डाव्या हातावर त्सुन जागी हृदय, ग्वान जागी यकृत आणि छी जागी मूत्रपिंड. उजव्या हातावर त्सुन जागी फुप्फुस, ग्वान जागी प्लीहा व जठर आणि छी जागीही मूत्रपिंड, पण त्याची उष्ण बाजू. चिनी वैद्यकात हे ‘अवयव’ शरीरातल्या मांसाच्या अवयवांइतके मर्यादित नसतात. प्लीहा म्हटल्यावर तेथे पचनाचे सगळे कार्य अभिप्रेत असते. त्यामुळे ‘तुमची प्लीहा बिघडली आहे’ असे रोग्याला सांगितले तर तो सोनोग्राफी करायला धावतो. त्याला ‘पचन मंदावले आहे’ असे सांगावे.

जुन्या ग्रंथकारांतही या तक्त्याबद्दल एकमत नाही. आतड्यांच्या जागा काहींनी हृदय व फुप्फुसाबरोबर त्सुनवर दाखवल्या, तर काहींनी शरीराच्या खालच्या भागातले म्हणून छीवर. शिवाय एकाच रोग्याची नाडी अनुभवी वैद्यही वेगवेगळी नोंदवतात, असे आधुनिक तपासण्यांत वारंवार दिसून आले आहे. यावर मला एकच उपाय व्यवहार्य वाटतो. दोघा विद्यार्थ्यांनी एकाच रोग्याची नाडी एकामागून एक पाहावी, आपसात न बोलता लिहावी आणि मग कागद शेजारी ठेवावेत. खोली आणि वेग यांवर दोघे जुळत नसतील, तर अवयवांकडे वळण्याची वेळ अजून आलेली नाही.

ऋतूंचेही तसेच. ग्रंथांप्रमाणे वसंतात नाडी किंचित ताठ, ग्रीष्मात उसळती, शरदात हलकी व वरवरची आणि हिवाळ्यात खोल असणे स्वाभाविक आहे. हे ऋतू उत्तर चीनचे आहेत. त्यांच्या वसंतात आपल्याकडे उन्हाळ्याचा कडाका असतो, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतील सोलापूरची थंडी तिकडच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यापुढे किरकोळ ठरते. म्हणून ऋतूंचा तक्ता जसाच्या तसा लावू नये. आपल्याच परिसरातील निरोगी माणसांच्या नाड्या उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही काळांत पाहून नोंदी ठेवाव्यात. त्या नोंदीच आपला खरा मापदंड ठरतात.

काय करू नये

गर्भवतीची नाडी निसरडी असते, असे ग्रंथांत आहे आणि गर्भावस्थेत रक्ताचे प्रमाण बरेच वाढत असल्यामुळे ते समजण्यासारखेही आहे. तरीही गर्भ आहे की नाही हे नाडीवरून सांगू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी चाचणी त्यासाठी आहे. डाव्या-उजव्या हातावरून मुलगा की मुलगी हे सांगण्याचे जुने ठोकताळे तर पूर्णपणे बाजूला ठेवावेत. त्यांना आधार नाही, आणि १९९४ च्या कायद्यानंतर गर्भलिंग सांगण्याच्या वाटेला कोणत्याही तपासणाऱ्याने जाऊ नये. सासूने आग्रह धरला तरी उत्तर तेच.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या नाडी ‘सुधारली’ म्हणून बंद करायला सांगू नये. हृदयाची गती कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे नाडी मंद लागते, म्हणून चालू औषधांची यादी तपासणीच्या आधीच विचारून लिहून घ्यावी.

ठोका चुकणाऱ्या नाडीचे चिनी वैद्यकात तीन प्रकार आहेत : मंद असून अनियमितपणे थांबणारी, द्रुत असून अनियमितपणे थांबणारी, आणि ठरावीक ठोक्यांनंतर नियमितपणे थांबणारी. हे भेद बोटांनी ओळखता यायला हवेत, पण ओळखल्यावर त्यांचे नाव देत बसू नये. काहीच लय नसलेली नाडी, बसल्या जागी शंभरच्या वर राहणारी किंवा पन्नासच्या खाली उतरलेली नाडी आढळली, तर रोग्याला ईसीजी काढायला त्याच दिवशी पाठवावे. सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या कोणत्याही डॉक्टरकडे ही सोय असते. सोबत छातीत दुखणे, घेरी किंवा धाप असेल तर थांबू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपण मोजलेला आकडा, मोजल्याची वेळ आणि रोग्याच्या चालू गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच्याबरोबर द्यावी.